फाटकापाशी बसून लिहिलेली वही

पहिल्या दिवशी वहीत एकवीस नोंदी झाल्या. सकाळी साडेसहाला मी आमच्या डुकरांच्या शेडच्या फाटकापाशी खाट टाकून बसले ती दिवे लागेपर्यंत. आत कोण जातं, काय जातं, ते लिहायचं, एवढंच काम जनावरांच्या डॉक्टर साहेबांनी दिलं होतं. कोणाला अडवायचं नाही, टोकायचं नाही. गडी चार वेळा. आमचे हे पाच वेळा, त्यात दोनदा धानाच्या बांधीतल्या चिखलाच्या पायांनी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तीनदा. राइस मिलमधून कोंडा घेऊन आलेला छोटा हत्ती टेम्पो, थेट शेडच्या दारापर्यंत. धाब्यावरच्या उष्ट्या अन्नाचे ड्रम. पिल्लं पाहायला आलेली शेजारची दोन पोरं. वजनाचा अंदाज घ्यायला आलेला व्यापारी. मीटर रीडिंगवाला. कुंपणाखालून घुसलेलं गावातलं एक काळं डुक्कर, आणि दोन कुत्री. कावळे मी मोजले नाहीत.

त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना सांगत होते, आमच्याकडे कोणी येतच नाही जी.

आमचं घर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. साडेतीन एकर धान आणि त्याच्या कडेला वराहपालन, चोवीस माद्या आणि दोन नर, सगळी पांढरी यॉर्कशायर जातीची. पाच वर्षांपूर्वी आठ माद्यांवर सुरू केलं. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, पण धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी हातात येणारा पैसा खरा, हे घरातल्या सगळ्यांना पटलं होतं. पोरीची नर्सिंगची फी त्यातूनच गेली.

2022 च्या पावसाळ्यात मध्यप्रदेशातल्या रेवाची बातमी आली. आफ्रिकन स्वाईन फिव्हर. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, 2020 मध्ये, तो आसाम आणि अरुणाचलात सापडला होता, पण आसाम आम्हाला फार लांबचं वाटलं. रेवा तसं नव्हतं. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की त्याच रस्त्यावर पुढे रेवा. माणसाला हा रोग होत नाही, डुकराला झाला तर बहुतेक वाचत नाही. आपल्याकडे त्यावर लस नाही आणि औषधही नाही. एवढं मी मोबाईलवर वाचलं, दोन दिवस झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी निंदणीला लागले.

मग दिवाळीच्या आधी आम्ही बाजारातून डुकरांच्या सहा पाठी, म्हणजे तरण्या माद्या, आणल्या. भाव बरा होता. आणल्या त्याच संध्याकाळी त्यांना रिकाम्या खणात सोडलं. त्या खणाची भिंत छातीएवढी, पलीकडे आमची दोन महिन्यांची पिल्लं. नवव्या दिवशी नव्यांपैकी दोघी उठेनात. अंगात ताप, कान लाल, मग जांभळे. सगळ्या एकमेकींच्या अंगावर कोपऱ्यात ढीग करून पडलेल्या. बाराव्या दिवशी पिल्लं पडायला लागली.

डॉक्टर साहेब आले, दारातूनच पाहिलं आणि आमच्या यांना म्हणाले, "आता इथून एकही डुक्कर बाहेर जाणार नाही. विकायचं नाही, कापायचं नाही, कोणाला द्यायचं नाही." एका मेलेल्या पिल्लाचे नमुने बर्फात घालून भोपाळला गेले. असल्या रोगाची खात्री तिथल्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत होते. साधा स्वाईन फिव्हर आणि आफ्रिकन स्वाईन फिव्हर दोन्हींत डुक्कर सारखंच दिसतं. तोच ताप, तेच जांभळे कान. नुसतं पाहून कोणी सांगू शकत नाही, चाळीस वर्षं दवाखाना केलेला माणूससुद्धा नाही.

अहवाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आफ्रिकन निघाला तर सरकारी कृती आराखड्याप्रमाणे आमच्याभोवती एक किलोमीटरच्या गोलात जेवढी डुकरं असतील तेवढी मारून पुरायची, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत. आमचीच नाही, टोल्यावरच्या, म्हणजे जवळच्या वस्तीवरच्या लोकांचीही. त्यांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हाच विचार माझ्या डोक्यात. नुकसानभरपाई मिळते, निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची. पण ज्याची चार डुकरं हीच त्याची बँक, त्याला तो कागद दाखवून मी काय सांगणार होते?

अहवाल आला. आफ्रिकन नाही, साधा स्वाईन फिव्हर. त्याची लस असते. आमच्या मोठ्या माद्यांना टोचलेली होती, म्हणून त्या वाचल्या. बाजारातल्या पाठींना टोचलेली नव्हती, आणि पिल्लांची वेळ यायची होती. अकरा गेली.

शेवटचं पिल्लू पुरून आले त्या दिवशी मी डॉक्टर साहेबांना फोन केला. म्हटलं, आम्हाला नीट लिहून द्या काय करायचं ते. ते म्हणाले, "ताई, मी लिहून देईन त भिंतीवर टांगाल. तुमी लिवा. मी तपासतो." आणि मला ते फाटकापाशी बसायचं काम दिलं.

मी आठ दिवस बसले. आठव्या दिवशी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लाल पेन घेतला आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहीत गेले: हा याआधी कुठल्या डुकरापाशी होता? व्यापारी, सकाळी तीन शेड फिरून आला. छोटा हत्ती, मिलमधून, पण गाडीच्या मागे आदल्या दिवशी काय होतं कोणाला माहीत. धाब्याचा ड्रम, त्यात डुकराच्या मटणाचे तुकडे असू शकतात. आफ्रिकन स्वाईन फिव्हरचा विषाणू मटणात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, खारवलेल्या आणि वाळवलेल्या मटणातही. बर्फात तर वर्षानुवर्षं. वाऱ्यावर उडत तो फार लांब जात नाही. तो पायाने येतो, चाकाने येतो आणि बादलीने येतो. हे ऐकलं आणि माझ्या मनातली भीती पहिल्यांदा जरा आटोक्यात आली. वाऱ्याला मी काय करणार होते? पायाला आणि बादलीला करता येतं.

रोग शेडबाहेर ठेवायचा आमचा स्वतःचा आराखडा करायला आम्हाला अडीच महिने लागले. कागदावर तो चार पानांचा आहे. त्यातलं बरंचसं कोणीही सांगेल असं आहे: कुंपणाची जाळी जमिनीत दीड फूट गाडली, छोटा हत्ती आता रस्त्यावरच कोंडा उतरवतो, विकायची डुकरं आम्ही स्वतः फाटकाबाहेरच्या खणापर्यंत आणतो आणि व्यापारी तिथूनच भरतो, बाहेर गेलेलं डुक्कर परत आत येत नाही. नवीन जनावर आणलं तर तीस दिवस विहिरीपलीकडच्या जुन्या गोठ्यात, वेगळी बादली, वेगळा खराटा, आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी. हे सगळं पैशाने होतं. जे पैशाने होत नव्हतं त्यावर आमचा वेळ गेला.

पहिलं, बाक. डॉक्टर साहेब म्हणाले, दारात आडवा बाक टाका. बाहेरच्या बाजूला बसायचं, चप्पल तिथेच काढायची, पाय उचलून आतल्या बाजूला घ्यायचे आणि आतले गमबूट घालायचे. बाहेरची चप्पल आतल्या जमिनीला कधीच लागायची नाही. मामाजींनी जुन्या बैलबंडीच्या फळ्यांचा बाक केला. आतल्या बाजूला टाकं, त्यात औषधाचं पाणी. पहिल्या आठवड्यात आम्ही चिखलाचे बूट तसेच टाक्यात बुडवत होतो आणि समाधान मानत होतो. मग कळलं की शेणा-चिखलाखाली औषध पोचतच नाही. आधी ब्रशने घासायचं, पाण्याने धुवायचं, मगच औषध, आणि तेही बुडवून लगेच काढायचं नाही. ब्लीचिंगचं पाणी उन्हात पडून राहिलं की त्यातला जोर निघून जातो, म्हणून टाक्यावर टिनाचं छप्पर टाकलं आणि पाणी रोज सकाळी बदलायला लागलो. आता टाक्याशेजारी दोन ब्रश दोरीने बांधलेले असतात, कारण सुटे ब्रश मुलं नेतात.

बाक झाला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टर साहेब आले, एका आजारी मादीला पाहायला. सकाळपासून दोन गावं फिरून आले होते. ते सवयीने बाकाला वळसा घालून निघाले. मी म्हटलं, "साहेब, बूट." ते थांबले. माझे कान गरम झाले. ज्या माणसाने शिकवलं त्यालाच दारात अडवायचं, तेही मादी आत कण्हत असताना. ते बाकावर बसले, बूट काढले, आमच्याकडचे गमबूट सात आणि आठ नंबरचे, त्यांच्या पायात काही शिरेनात. शेवटी पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आत गेले. जाताना म्हणाले, "ताई, आज तुमचा आराखडा सुरू झाला समजा."

दुसरं, बादली. हे सगळ्यात कठीण गेलं. डुकरं पाळणाऱ्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा असतो, आणि धाब्यावरचं उष्टं अन्न जवळजवळ फुकट मिळतं. त्यासाठी आमचे दोन धाबे आणि एक लग्नाचं लॉन ठरलेलं होतं. ते एकदम बंद करायची हिंमत नव्हती. डॉक्टर साहेबांनी सांगितलं, चालू ठेवायचं तर नीट शिजवा, नव्वद अंशावर पूर्ण एक तास, सतत ढवळत. आम्ही ड्रम कापून भट्टी केली, बाभळीची लाकडं आणली. पंधरा दिवस मी स्वतः घड्याळ घेऊन उभी राहिले.

सोळाव्या दिवशी एक गोष्ट दिसली. गडी कच्चं अन्न हिरव्या बादलीने भट्टीत ओतत होता. तास झाला, अन्न शिजलं. त्याने तीच हिरवी बादली, कडेला कच्च्याचे शिजवायचे राहिलेले भातकण चिकटलेली, भट्टीत बुडवली आणि खणाकडे निघाला. त्याची काही चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बादलीलाही आत-बाहेर असतं. त्या एका बादलीपायी तासभराची लाकडं आणि मेहनत रोज वाया जात होती, पंधरा दिवस. आम्ही कच्च्यासाठी लाल बादली आणली. पण मी त्या दिवसापासून रात्री उठून तीच बादली पाहत होते. लाल कोणती, हिरवी कोणती, गडी आला नाही तर दुसरा काय करेल, लग्नसराईत घाईत काय होईल.

दीड महिन्याने ड्रम बंद केले. आता तांदळाची कणी, कोंडा, मका, सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण. वजन भरायला पहिल्यांदा महिनाभर जास्त लागला, आणि तो महिना काढायला आम्हाला चार माद्या विकाव्या लागल्या. ज्यांना ते परवडत नाही त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण उष्टं चालू ठेवून बाकी सगळं करणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं टाकणं, असं माझं मत झालं आहे.

तिसरं, टोला. गावाचा नकाशा काढून मी आमच्या शेडवर बांगडी ठेवली आणि एक किलोमीटरचा गोल अंदाजाने आखला. टोल्यावरची पाच घरं गोलात आली. त्यांची काळी डुकरं दिवसभर मोकळी फिरतात. आम्ही दोघं तिथे गेलो. एका आजीने सरळ सांगितलं, "मेलं त नाल्यात टाकतो बाई. पयलेपासून असंच हाये." तो नाला खाली आमच्याच बांधीच्या कडेने जातो. मी तिला काही शिकवायला गेले नाही. एवढंच ठरलं की त्यांच्याकडे एक जरी डुक्कर मेलं तरी त्यांनी मला फोन करायचा, खड्डा आणि चुना आमचा. आणि स्वाईन फिव्हरच्या लसीकरणाला डॉक्टर साहेब आले की एकाच दिवशी सगळ्यांना टोचायचं, आधी आमच्या शेडला, मग टोल्यावर, उलट नाही. त्या वर्षात आजीचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी चुन्याची पिशवी घेऊन गेले.

शेवटचं पान हे "झालंच तर" चं. ते लिहायला मामाजी तयार नव्हते. "अभद्र कायले लिवता?" म्हणाले. मी म्हटलं, त्या दहा दिवसांत आपल्याला काहीच सुचत नव्हतं, म्हणून शांत डोक्याने लिहून ठेवू. कोणी कोणाला फोन करायचा. विक्री त्याच क्षणी बंद. कोणी आत राहायचं आणि कोणी घरी, म्हणजे ये-जा होणार नाही. मेलेली जनावरं कुठे पुरायची. मी नाल्यापलीकडची पडीक जागा लिहिली होती. मामाजींनी कागद हातात घेतला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "हे नाई चालत. 2020 च्या ऑगस्टमंदी इथं छातीएवढं पाणी होतं." वैनगंगेला त्या वर्षी जो पूर आला त्यात ती जागा तीन दिवस पाण्याखाली होती. तिथे पुरलेलं सगळं वर आलं असतं आणि नदीने खाली गेलं असतं. मी त्या वेळी माहेरी होते, मला ते आठवलं नसतं, आणि डॉक्टर साहेबांना ठाऊक नव्हतं. जागा बदलली, विहिरीपासून लांब, उंचावरची. त्या पानावर जेसीबीवाल्याचा नंबर मामाजींनीच लिहिला.

आणि एक ओळ पहिल्या मसुद्यात अशी होती: नियम मोडल्यास गड्याचा एक दिवसाचा रोज कापला जाईल. ती मी लिहिली होती. डॉक्टर साहेबांनी तिच्याखाली रेघ मारली. "मंग तो सांगेल का तुमाले?" एवढंच विचारलं. मी ओळ खोडली आणि लिहिलं: जो स्वतःहून सांगेल त्याचा रोज बुडणार नाही, आत यायचं नसेल त्या दिवसांचाही.

मंडईचे दिवस आले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटकं, घरोघर पाहुणे, चुलीवर मटण. धान कापायला आलेला असतो आणि रानडुकरं बांध्या तुडवत असतात. रात्री कोणाच्या तरी बांधीत तारेचा करंट लागून एक रानडुक्कर मेलं. मला काहीच कळलं नव्हतं. सकाळी साडेसहाला गडी आला आणि बाकाच्या बाहेरच उभा राहिला. बसला नाही, चप्पल काढली नाही.

"वहिनी, मी आत नाई येत जी."

"काहून?"

"काल राती त्या डुकराले ओढाले गेलतो. हाताले रगत लागलं. हेच चप्पल होते पायात."

आफ्रिकन स्वाईन फिव्हर रानडुकरालाही होतो, आणि रक्तात तो सगळ्यात जास्त असतो. ते जनावर करंटने मेलं होतं, रोगाने नाही, हे मला समजत होतं. पण करंट लागायच्या आधी ते ठणठणीत होतं की नाही, ते कोण सांगणार? गडी तिथे उभा, मान खाली, हात पाठीमागे. त्याच्या घरीही पाहुणे होते, त्याला त्या दिवशीचा रोज हवा होता, आणि तो गुपचूप आत गेला असता तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

मी त्याला तिथेच रोजाचे पैसे दिले. तीन दिवस घरी राहा, अंघोळ कर, कपडे उकळत्या पाण्यात टाक, ती चप्पल इकडे आणू नको. तो गेल्यावर मी आणि आमच्या यांनी सगळे खण धुतले. धान अर्धा उभा होता, कापणीची माणसं सांगून ठेवलेली, मला रडायला येत होतं. एकवीस दिवस मी रोज सकाळी प्रत्येक खणापाशी थांबून कोण उठलं, कोण नाही, कोणी खाणं सोडलं, ते वहीत लिहिलं. सगळी उठत होती.

त्या आठवड्यात आराखड्यात दोन ओळी वाढल्या. मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात लावायचा नाही, वनविभागाला कळवायचं. आणि मंडईच्या आठ दिवसांत शेडचं काम करणाऱ्याने शेडपाशीच झोपायचं, त्याचं आणि त्याच्या घरच्या पाहुण्यांचं जेवण आमच्याकडून. दुसरी ओळ गड्यानेच सुचवली. यंदा त्याच्या सासुरवाडीची अकरा माणसं आमच्या पंगतीला होती.

पुढच्या बुधवारी लसीकरण आहे. आधी आमची शेड, मग टोला. त्याआधी पवनीच्या बाजारातून दहा नंबरचे गमबूट आणायचे आहेत, डॉक्टर साहेबांच्या मापाचे.